एल्दाची शेगडी

कोलद्रेस, १४ नोव्हेंबर २०१८

एल्दा,

तुझी शेगडी बंद पडते. एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते, पण आई म्हणाली, नीट लिही, नाहीतर ती तोरिनोत बसून काळजी करत राहील. म्हणून नीट लिहिते. फोन करणार नाही. ऑगस्टमध्ये फोनवर आपण एकमेकींना जे बोललो ते पुरे झालं. आईचंच म्हणणं, की तुम्ही दोघी लिहीत जा, लिहिताना आवाज चढत नाही.

तर ऐक. ऑक्टोबरात गावातल्या इव्होने तू पाठवलेली शेगडी पुढच्या खोलीत बसवली, टाकीत त्या भुशाच्या कांड्या ओतल्या, नळी धुराड्याला जोडली आणि समोरच्या भिंतीवर एक पांढरी डबी अडकवली. थर्मोस्टॅट. म्हणाला, यावर सकाळी सहा ते रात्री नऊपर्यंत वीस लावून ठेवलंय, रात्री शेगडी बंद. खोली वीस अंशांवर आली की डबी शेगडीला बिनतारी निरोप देणार, शेगडी झोपणार. गार झालं की डबी तिला उठवणार. तुम्ही हातसुद्धा लावायचा नाही. बरं. नाही लावला हात. गेला आठवडाभर ती सकाळी नवाच्या सुमाराला झोपते ती दुपारपर्यंत उठत नाही. आईची बोटं लाकडासारखी होतात. आणि डबीवर आकडा किती? पंचवीस!

स्वयंपाकघरातली आपली लोखंडी चूल साठ वर्षं जळतेय. तिला डबी नाही. तिला मी आहे.

इव्होला बोलावलं तर तो म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. तुझा रेन्झो असता तर त्यालाच विचारलं असतं, देव त्याला शांती देवो. पण तूही त्याच्या शेगड्यांच्या दुकानात सव्वीस वर्षं फोन उचलत होतीस. तेव्हा आता सांग.

निवेस


तोरिनो, २१ नोव्हेंबर

निवेस,

पहिली गोष्ट. 'बंद पडते' आणि 'बंद होते' यांत फरक आहे. बंद पडणारी शेगडी शिट्टी वाजवते, लाल दिवा दाखवते, काचेआड काजळी धरते. तुझी यातलं काही करत नाही. म्हणजे ती बिघडलेली नाही, आज्ञाधारक आहे. तिला कुणीतरी चुकीचं सांगतंय.

ती पांढरी डबी खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे ना? त्या भिंतीवर थंडीत सकाळी नऊपासून बारापर्यंत ऊन येतं. मला माहीत आहे, कारण लहानपणी मी तिथे पाठ टेकून केस वाळवायची. डबीवर ऊन पडलं की तिला वाटतं, अख्खी खोली तापली. रेन्झो गिऱ्हाइकांना सांगायचा, 'शेगडीला तुमची खोली कळत नाही हो. डबी जिथे असते तेवढीच वीतभर जागा तिला कळते.' इव्होनं एवढं बघायला हवं होतं. बापासारखाच आहे, हात चांगला, डोळा आळशी.

उपाय सोपा आहे. डबी हलकेच वर उचल, खिळ्यावरून निघेल. खोक्यात तिची एक छोटी घोडी असेल, तिच्यावर बसवून आतल्या भिंतीच्या कपाटावर ठेव. ऊन नको, शेगडी जवळ नको, दार जवळ नको, खाली दिवा नको. तारबीर काही नाही, घरात कुठेही नेली तरी चालते.

आईला म्हणावं, काळजी करत नाही. आणि चुलीचं कौतुक मला सांगू नकोस. त्या चुलीची राख काढतच मी मोठी झाले.

एल्दा


कोलद्रेस, ३ डिसेंबर

एल्दा,

तुझं खरं ठरलं. डबी कपाटावर ठेवल्यापासून शेगडी घड्याळासारखी चालतेय. झालं समाधान?

आता दुसरं ऐक. टपाल घेऊन येणारी बाई आली की आई तिला आत बोलावते. पाद्री आला, त्याला बोलावलं. जेम्मा तर शेजारी राहते, तिला चारदा दाखवून झाली. 'माझ्या एल्दानं पाठवली. बघा, स्वतःची स्वतः पेटते. माझी एल्दा इतकी लांब, पण माझी ऊब तिच्या ध्यानात.' जेम्मानं माझ्याकडे बघितलं. मी सरपण घेऊन दारात उभी होते.

आधी आई दिवसभर माझ्याजवळ असायची, चुलीपाशी, खिडकीच्या बाजूच्या खुर्चीत. मी बटाटे सोलायचे, ती नावं ठेवायची. साल जाड काढतेस, अर्धा बटाटा कोंबड्यांना जातो. आता ती सकाळी सहाला उठते ती थेट पुढच्या खोलीत. काचेतून जाळ बघत बसते. जेवायलासुद्धा तिथेच हवं. मी एकटी सोलते, आणि कुणी नावं ठेवत नाही.

नाताळला येणार आहेस का ते कळव. म्हणजे मी झाडझूड करेन.

निवेस


तोरिनो, १२ डिसेंबर

निवेस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, 'माझी एल्दा' एवढं परत परत वाचलं. मला तोंडावर कधी म्हणाली नाही.

तू तक्रार करतेस आणि मला हसू येतं. एकसष्ट वर्षं ती तुझ्या वाट्याला आली, निवेस. त्या घरातली एक खोली दोन महिने माझी झाली तर तुझा जीव वरखाली होतो? मी चौदाव्या वर्षी इथे परक्यांच्या घरी भांडी घासायला आले, तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि तिच्या कुशीत झोपत होतीस.

नाताळला येणं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन आहे सतरा तारखेला. फुल्व्हियो रजा काढून माझ्याजवळ राहणार आहे. मुलगा म्हणून चांगला आहे, स्वयंपाकी म्हणून नाही. पानेत्तोनेचा गोड पाव टपालाने पाठवते. आईला कडेचा भाग देऊ नकोस, मधला मऊ दे.

एल्दा


कोलद्रेस, ९ जानेवारी २०१९

एल्दा,

गुडघा कसा आहे? आईने तुझ्यासाठी मेणबत्ती लावली. मला खोकला झाला तेव्हा मेणबत्ती लावली नव्हती, पण असू दे.

शेगडी पुन्हा तसंच करतेय. सकाळी सहाला पेटते, तास-दीड तास जळते आणि झोपते, ती जवळजवळ दिवसभर. शिट्टी नाही, लाल दिवा नाही. मी कशालाही हात लावलेला नाही. वस्तूच तसली असेल. लांबून पाठवलेल्या वस्तूंचं असंच असतं.

मी आईला म्हटलं, चल स्वयंपाकघरात, चूल रसरसलीय. ती म्हणते, 'नको गं, छान आहे इथे.'

निवेस


तोरिनो, १५ जानेवारी

निवेस,

गुडघा बरा आहे, काठी घेऊन जिन्यापर्यंत जाते.

सव्वीस वर्षांत मी फोनवर हजारो माणसं ऐकली. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, 'मी कशालाही हात लावलेला नाही.' रेन्झो म्हणायचा, माणसं डॉक्टरशी बोलतात त्यापेक्षा शेगडीवाल्याशी जास्त खोटं बोलतात. तुला खोटी म्हणत नाही. पण क्रमाने बघू या.

एक, डबीच्या पाठीमागचं झाकण सरकव, दोन सेल नवे घाल. सेल उतरले की ती वेड्यासारखी वागते. दोन, वीसच लावलेलं आहे ना ते बघ. कुणाचा अंगठा लागून पंधरा झालं असेल. तीन, शेगडीच्या पाठीला एक बारीक वायर लोंबत असते, तिच्या टोकाला मण्याएवढा दाणा. ती तापलेल्या पत्र्याला चिकटली नसावी. इव्होनं ती तशीच सोडली असेल तर आश्चर्य नाही. चार, तीन दिवस डबीवरचा आकडा लिहून ठेव: सकाळी सहाला, आठला, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला आणि आठला. शेगडी तेव्हा जळतेय की झोपलीय, तेही लिही.

आणि खोली खरंच गार असते का? आई काही म्हणत नाही म्हणतेस, पण तू स्वतः बसून बघ ना जरा तिच्याजवळ.

एल्दा


कोलद्रेस, २२ जानेवारी

एल्दा,

सेल नवे घातले. वीसच आहे. मणी लोंबतोय, कशाला चिकटलेला नाही. आकडे घे:

शनिवार: सहाला १७, शेगडी पेटली. आठला २२, झोपली. बाराला २६. पाचला २१. रात्री आठला २५.
रविवार: सहाला १६, पेटली. आठला २२, झोपली. बाराला २७. पाचला २१. आठला २४.
सोमवार: शनिवारसारखंच, फक्त पाचला २०, तेव्हा शेगडी जराशी पेटली आणि पुन्हा झोपली.

तुझं गणित तू सोडव. मला धुणंभांडी आहेत. बाहेर गुडघाभर बर्फ आहे आणि कोंबड्यांचं पाणी गोठतंय. आई बरी आहे. थोडी खोकते.

निवेस


तोरिनो, २८ जानेवारी

निवेस,

तुझे आकडे टेबलावर घेऊन दोन दिवस बसले. आधी वाटलं, डबीच खराब. मग फुल्व्हियोला वाचून दाखवले, तो म्हणाला, आई, शेगडी आठला झोपली तर दुपारी बाराला खोली सव्वीस कशी होते? कुणाच्या श्वासाने?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाहेर बर्फ आहे, शेगडी विझलेली आहे, आणि आकडा चढतोय. म्हणजे त्या डबीजवळ दुसरं काहीतरी जळतंय. सकाळी साडेसहाला तू चूल पेटवतेस. आठला कॉफी, दूध. बाराला मक्याच्या पिठाचा पोलेंता, तेव्हा जाळ सगळ्यात मोठा. रविवारी सत्तावीस, कारण रविवारी तू मांसाचा रस्सा करतेस. तीन ते पाच जेम्माकडे पत्ते, चूल मंदावते, आकडा उतरतो. रात्रीचं जेवण, आकडा वर. सोमवारी पत्ते लांबले असतील. जिंकत होतीस का?

हे पुढच्या खोलीचे आकडे नाहीत, निवेस. हे चुलीचे आकडे आहेत. डबी तुझ्या स्वयंपाकघरात आहे. आणि ती कुठेही नेता येते हे मीच तुला सांगितलं. मूर्ख मी!

कशासाठी केलंस ते विचारत नाही. मला माहीत आहे. ती माझ्या शेगडीपाशी बसते हे तुला बघवलं नाही. तुला वाटलं, थंडी वाजली की येईल मुकाट्याने तुझ्या चुलीपाशी. पण ती गेली नाही, हो ना? नव्वद वर्षांची बाई गार खोलीत बसली आणि 'छान आहे' म्हणत राहिली. तू दारातून ऐकत राहिलीस.

हे पत्र मिळेल त्या क्षणी डबी परत ठेव. मग मला शिव्या दे.

एल्दा


कोलद्रेस, ६ फेब्रुवारी

एल्दा,

तुझं पत्र एक तारखेपासून टपालपेटीत पडून होतं. काल तू परत गेलीस, आज सकाळी मी घरी आले आणि उघडलं. दवाखान्यात तू पाच दिवस आईच्या उशाशी बसून माझ्याकडे सारखी तसं का बघत होतीस, ते आता कळलं. मला वाटलं, तू माझे मळलेले बूट बघतेस. तू बघत होतीस की मी पत्र वाचलंय की नाही. आणि पाच दिवस एक शब्द बोलली नाहीस. मी बोलले असते.

सगळं खरं आहे. डबी स्वयंपाकघरात होती, चुलीच्या वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे. नाताळनंतर दोन दिवसांनी नेली. तुझं पानेत्तोने आलं त्याच दिवशी. आईनं त्याचा कागद इस्त्री केल्यासारखा सरळ करून आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. त्याच सकाळी मी तिच्यासाठी चियार्सोन्स केले होते, चार तास उभी राहून, आत मनुका आणि पुदिन्याचं सारण भरून, तिला आवडतात तसे. तिनं दोन खाल्ले आणि म्हणाली, एल्दा असती तर तिनं ताटभर खाल्ले असते. मी ताट उचललं, आणि येताना कपाटावरून डबी उचलली. एवढ्यावरून, एल्दा.

खोली गार आहे हे मला कळत होतं. तू लिहिलंस ना, तिच्याजवळ बसून बघ. मी बसत नव्हते. दारातून ताट देत होते, दारातून विचारत होते, 'येतेस का चुलीपाशी?' आणि ती म्हणायची, 'नाही गं, ऊब आहे.' दोन शाली, त्यावर बाबांचा जुना कोट. मी रोज स्वतःला सांगत होते, आज नाही तर उद्या येईल. हट्टी आहे, पण थंडीपुढे कुणाचा हट्ट चालतो? तिचा चालला. तीस तारखेला सकाळी तिला हाक मारली तर ओठ निळे.

डॉक्टर म्हणाले, न्युमोनिया, या वयात होतो. तुझ्यासमोर म्हणाले. मी मान हलवली. तुझ्यासमोर मान हलवली!

तुला हवं ते कर. फुल्व्हियोला सांग, जेम्माला सांग, पाद्र्याला सांग. आईला मात्र मीच सांगेन, ती शुद्धीवर नीट आली की. डबी कपाटावर परत ठेवली आहे. आज शेगडी दिवसभर जळतेय, रिकाम्या खोलीत.

निवेस


तोरिनो, १३ फेब्रुवारी

निवेस,

'जाऊ दे, माफ केलं' असं लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. जमत नाही. ती गेली असती तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं, आणि आता ती वाचली आहे म्हणून राग कमी झाला असंही नाही. तेवढं असू दे.

पण फाडलेल्या कागदांवर एक गोष्ट लिहून झाली होती, ती पुन्हा लिहिते.

ती शेगडी मी आईच्या उबेसाठी पाठवली नाही. जुलैत मी फोन केला होता, आठवतं? तू फोन उचललास आणि मागे आई हसत होती. तूही हसत होतीस, तुला बोलता येईना. मी विचारलं, काय झालं, तर तू म्हणालीस, 'काही नाही गं, कोंबडीचं. तुला नाही कळायचं.' मी फोन ठेवून बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. दुसऱ्या दिवशी शेगडीची चौकशी केली. फुल्व्हियो म्हणाला, आजीकडे चूल आहे, ती धडधाकट आहे, कशाला? मी म्हटलं, तुला कळत नाही. पुढच्या खोलीतच बसवायची हे इव्होला मी बजावून सांगितलं होतं. स्वयंपाकघरापासून लांब. तिला तुझ्यापासून उठवायचं होतं मला, निवेस. हसण्यातून उठवायचं होतं. आणि ऑगस्टमधलं भांडण मी उकरून काढलं, ते घराच्या छपरावरून नव्हतं, त्या कोंबडीवरून होतं.

आणखी एक. बाबांनी मला बसमध्ये बसवून दिलं तेव्हा आई आली नाही. तुला गालगुंड झालं होतं. चोपन्न वर्षं झाली, मला अजून त्या गालगुंडाचा राग येतो. सात वर्षांच्या मुलीच्या सुजलेल्या गालाचा! तू मला सांग, कोण जास्त वेडी.

तिला सांगशील तेव्हा मऊ शब्दांत सांग. ती दमलेली आहे.

एल्दा


कोलद्रेस, ३० मार्च

एल्दा,

फोनवर आईची तब्येत तुला कळतेच, म्हणून ती लिहीत नाही. फोनवर जे बोलता येत नाही ते लिहिते.

घरी येऊन तिला आठवडा झाला तेव्हा तिच्या पायाशी बसून मी सगळं सांगितलं. डबी, फळी, पिठाचा डबा. ती मोज्याला टाके घालत होती, थांबली नाही. म्हणाली, 'माहीत आहे. मी पाणी प्यायला आले होते तेव्हा पाहिली. दुसऱ्याच दिवशी.'

मी म्हटलं, 'मग बोलली का नाहीस?'

'काय बोलू? बोलले असते तर तुला चोर म्हणावं लागलं असतं. उठून चुलीपाशी आले असते तर एल्दाची शेगडी फुकट गेली असती, तू तिला तसं लिहिलंच असतंस. मग बसले कोट घालून. मला वाटलं, तुलाच कंटाळा येईल आणि परत ठेवशील.'

वाटलं होतं, मी रडेन. मी ओरडले तिच्यावर, एल्दा. 'मेली असतीस ना!' म्हणून ओरडले. तिनं दोरा तोडला आणि म्हणाली, 'नव्वद वर्षांच्या बाईला यापेक्षा बरं कारण कुठलं मिळणार होतं?' वर हसली. मला तेव्हा कळलं की ती आपल्या दोघींना किती वर्षं ओळखून आहे.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर म्हणतात, तिला काही महिने खाली, सपाटीवर, सौम्य हवेत ठेवा. मी म्हणणार होते की टोलमेझ्झोत खोली बघू, मी बरोबर राहीन. त्याआधीच ती म्हणाली, 'मी एल्दाकडे जाते. तिचं घर मी एकदाच पाहिलंय, लग्नाला, तेही दोन दिवस.' माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी हो म्हटलं. माझ्यात नाही म्हणायचं तोंड उरलेलं नाही. तिची बॅग मी भरून ठेवली आहे. फुल्व्हियोला गाडी घेऊन पाठव. वाटेत तिला दर तासाला उतरवून दोन पावलं चालवायचं, पाय सुजतात. कॉफीत दूध आधी, कॉफी नंतर. बटाट्याची साल पातळ काढ, ती बघत असते.

तू जिंकलीस असं लिहिलं. खोडलं. तरी तुला कळावं म्हणून सांगितलं की लिहिलं होतं.

निवेस


तोरिनो, २ मे

निवेस,

तीन आठवडे तुला दोन-दोन ओळींची कार्डं पाठवली, 'आई मजेत, भूक चांगली, हवा चांगली.' त्यात खोटं काही नव्हतं. पण एक गोष्ट लपवली. फोनवर तू विचारलंस की रमली का, तेव्हा मी म्हटलं, हो, खूप. तेही खोटं नव्हतं. आता लिहिते.

ती मला निवेस म्हणते.

पहिल्या सकाळपासून. सहाला उठली, चपला शोधत आली आणि म्हणाली, 'निवेस, चूल पेटवली नाहीस अजून?' मी म्हटलं, मी एल्दा, आई. 'हो गं बाई, माहीत आहे,' म्हणाली आणि पाच मिनिटांनी पुन्हा 'निवेस, त्या कोंबड्या.' डोकं तिचं शाबूत आहे, तसलं काही समजू नकोस. डॉक्टरनं तारीख विचारली तर तिनं तारीख सांगून वर त्या दिवशीचा संत कोण तेही सांगितलं. फक्त तोंडात तेच नाव बसलंय. खोलीत कुणी बाई हातात भांडं घेऊन आली की ती निवेसच. पहिले चार-पाच दिवस मी दुरुस्त करत होते, मग सोडून दिलं. आता ती निवेस म्हणाली की मी ओ देते.

इथे रेडिएटर आहे, इमारतीचा. ती त्याच्यावर हात ठेवते आणि विचारते, 'यात जाळ कुठे आहे?' पोलेंता केला तर म्हणते, 'निवेस ढवळते तसा नाही.' म्हणजे तेवढ्यापुरती मला एल्दा म्हणून ओळखते! मी बटाटे पातळ सोलते, अगदी कागदासारखे, आणि ती नावं ठेवत नाही. कौतुक करते, एखाद्या पाहुणीचं करावं तसं. काल म्हणाली, 'तुमच्याकडे फार छान व्यवस्था आहे.' तुमच्याकडे.

ती मला मिळावी म्हणून मी अख्खं आयुष्य वाट बघितली. आता ती माझ्या खुर्चीत बसलीय आणि मी तुझा मत्सर करते आहे, पूर्वीपेक्षा जास्त. पूर्वी मला वाटायचं, तू फक्त जागा अडवून बसली आहेस.

हे तुला सांगायचं नव्हतं. तू खूश होशील म्हणून. पण ती रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला खिडकीपाशी जाते आणि विचारते, 'पत्ते संपले नसतील का अजून?' हे तुझ्यापासून ठेवून घेणं म्हणजे डबी पिठामागे लपवण्यासारखंच झालं असतं.

हवा आता वरही सुधारली असेल. दहा तारखेला, शुक्रवारी, फुल्व्हियो तिला घेऊन येतोय. मीही येते. किती दिवस राहू ते तू सांग.

एल्दा


कोलद्रेस, ६ मे

एल्दा,

पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग जेम्माकडे जाऊन तिला वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर आनंद झाला. लाजही वाटली, पण आधी आनंद झाला. जेम्मा म्हणाली, तुम्ही दोघी वेड्या आहात, मला बहीण नाही ते बरं आहे. मग तिनं पत्र पुन्हा वाचायला सांगितलं.

तू गेल्यावर आई इथे तुझं नाव काढेल, आणि मी पुन्हा जळेन. ते काही सुटायचं नाही या वयात. तुझंही सुटायचं नाही. आता निदान दोघींना माहीत आहे.

इव्हो आला होता. धुराडं साफ केलं, डबीचं सगळं तपासलं, म्हणाला, काहीच बिघाड नव्हता. मी म्हटलं, नव्हता.

किती दिवस राहू असं मला विचारायचं नाही. मी कोण सांगणारी? ऑगस्टपर्यंत राहा, गवत कापायला जूनमध्ये माणसं मिळत नाहीत, तुझ्या गुडघ्याला जमेल तेवढं बांधावर बसून हुकूम सोड, ते तुला येतं. वरच्या खोलीत तुझी खाट घातली आहे, गादी उन्हात टाकली होती. ती खोली मेमध्येसुद्धा गार असते, दोन रजया ठेवल्या आहेत. तरी थंडी वाजली तर 'छान आहे' म्हणत बसू नकोस. खाली ये.

निवेस